फ्लेमिंगचा अडाणी माणूस

नोव्हेंबर आला की आमच्या लॅबमध्ये पोस्टर येतं. १८ ते २४ नोव्हेंबर हा जगभर अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या, म्हणजे जंतूंवर औषध चालेनासं होण्याच्या, जागृतीचा आठवडा असतो, त्यामुळे कुठल्यातरी औषध कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) नाहीतर कुठल्यातरी संस्थेचा उत्साही पोरगा येतो आणि रिसेप्शनच्या भिंतीवर चिकटवून जातो. चित्र दरवर्षी थोडं इकडेतिकडे होतं, मजकूर तोच. मेडिकलच्या काउंटरवर मफलर गुंडाळलेला एक माणूस उभा, तळहातावर दोन गोळ्या, वर लाल अक्षरात 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' आणि खाली 'कोर्स पूर्ण करा'. म्हणजे या सगळ्या भानगडीतला आरोपी कोण ते चित्रातच ठरवून टाकलंय, मफलरवाला.

मी मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काम करते, पिंपरी-चिंचवडमधल्या एका खाजगी लॅबमध्ये. आणि इतकी वर्षं प्लेटा वाचून मला त्या मफलरवाल्याची खरंच कीव यायला लागलीय. तो अगदी निर्दोष आहे असं नाही म्हणत मी, पण त्याच्यावर जेवढं खापर फोडलं जातं तेवढं त्याचं कर्तृत्व नाहीये.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी आमचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. लघवीचं सॅम्पल आलं की लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, प्लेटवर रेघा ओढायच्या आणि रात्रभर ३७ डिग्रीला इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. सकाळी मॅकाँकी अगारवर (प्लेटमधलं जंतूंचं जेलीसारखं खाद्य) गुलाबी, कोरड्या, सपाट कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, दिसल्या तर बहुतेक ई कोलाय हा जंतू, तशाच गुलाबी पण फुगीर, ओलसर, लूप लावून उचलला की तार सुटते अशा असल्या तर क्लेब्सिएला हा दुसरा जंतू. मग त्यातली कॉलनी सलाईनमध्ये घोळायची, कापसाच्या बोळ्याने दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे सारखी पसरायची आणि तिच्यावर चिमट्याने एकेक करून कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकतीत वेगळं अँटिबायोटिक. पुन्हा एक रात्र. जे औषध चाललं त्या चकतीभोवती गोल मोकळी जागा दिसते, जे नाही चाललं तिथे जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढलेले असतात. पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजायचं. मेरोपेनेम या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकला ई कोलायसाठी २३ किंवा जास्त आलं तर रिपोर्टमध्ये एस, १९ किंवा कमी आलं तर आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे विसरा.

मी शिकत होते तेव्हा मेरोपेनेमची चकती लावणं ही फॉर्मॅलिटी वाटायची, एसच येणार हे धरलेलं असायचं. आता सकाळी ट्रे बाहेर काढला की त्यात एखादी तरी प्लेट अशी असते की जिच्यावर गोलच नाहीत, सगळ्या चकत्या जंतूंच्या थरात बुडलेल्या. अशा वेळी आधी आपण चकत्यांवर संशय घेतो, लॉट खराब असेल, फ्रीज बंद पडला असेल, म्हणून कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू, लावून बघतो. कंट्रोल व्यवस्थित येतो. म्हणजे प्लेट खरं बोलतेय.

अशीच एक प्लेट एका आजींची होती, खेडच्या बाजूच्या. मुलगा रिपोर्ट न्यायला आला आणि काउंटरवर वाद घालायला लागला, मला बाहेर बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, आमची आई डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, सुंठ उगाळून लावते, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की सगळ्या औषधांना रेझिस्टन्स, हे कसं काय? प्रश्न रास्त होता. विचारपूस केली तेव्हा कळलं की दोन महिन्यांपूर्वी पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलात बरेच दिवस कॅथेटर (लघवीची नळी) होता. बस, एवढंच. त्यांनी कुठला कोर्स अर्धवट सोडला नव्हता, त्यांनी कोर्स केलाच नव्हता कधी. तो जंतू दुसऱ्या कुणाच्या शरीरात, दुसऱ्या कुणाच्या औषधांवर तयार झाला आणि कुणाच्या तरी न धुतलेल्या हातावरून, बेडच्या कठड्यावरून, नाहीतर लघवीच्या पिशवीच्या तोटीवरून आजींपर्यंत पोचला. पोस्टरमध्ये या आजींना कुठे बसवायचं?

ही अडाणी पेशंटची गोष्ट किती जुनी आहे ते मला नंतर वाचनात आलं. थेट अलेक्झांडर फ्लेमिंगपर्यंत जाते. १९२८ साली ज्याला पेनिसिलिन सापडलं तोच. १९४५ च्या डिसेंबरात नोबेलच्या भाषणात त्याने इशारा दिला होता, आणि तो दूरदर्शी म्हणून आजही प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाईडवर असतो. तो म्हणाला, एक दिवस पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळेल, तेव्हा अडाणी माणूस कमी डोस घेईल आणि जंतूंना रेझिस्टंट करून ठेवेल. पुढे एक काल्पनिक किस्सापण सांगितला. मिस्टर एक्सचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन विकत आणतो, पुरेसं घेत नाही, त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकोकाय हे जंतू पेनिसिलिनला दाद न देणारे होतात, मग तेच बायकोला जातात, तिला न्यूमोनिया होतो आणि ती मरते. दोषी कोण, तर मिस्टर एक्सचा हलगर्जीपणा.

गंमत बघा. घसा दुखवणारा जो मुख्य स्ट्रेप्टोकोकस, ग्रुप ए, तो आजतागायत पेनिसिलिनला रेझिस्टंट झालेला नाही! ऐंशी वर्षं लोक घसादुखीला वाट्टेल तशा गोळ्या खातायत, अर्ध्या सोडतायत, दुसऱ्याच्या उरलेल्या खातायत, आणि तो जंतू अजूनही पेनिसिलिनने मरतो. का, याची कारणं शास्त्रज्ञ शोधतायत, पण फ्लेमिंगने ज्या जंतूचं नाव घेऊन गोष्ट रचली तोच नेमका त्या गोष्टीप्रमाणे वागला नाही.

रेझिस्टन्स आला तो दुसरीकडून. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मेरी बार्बर नावाच्या बाई होत्या, माझ्यासारख्याच बेंचवरच्या, अर्थात माझ्यापेक्षा फार मोठ्या. त्या हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या जखमांमधले स्टॅफिलोकोकाय हे जंतू तपासत होत्या. १९४६ मध्ये त्यातले साधारण १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते, पुढच्या वर्षी ३८ टक्के, आणि १९४८ मध्ये ५९ टक्के. दोन वर्षांत! हे कुठल्या दुकानातून गोळ्या घेणाऱ्या माणसाचं काम नव्हतं. चांगल्या हॉस्पिटलात, शिकलेल्या डॉक्टरांनी, पूर्ण डोसमध्ये दिलेल्या पेनिसिलिनने हे झालं. जे जंतू पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम आधीपासूनच बाळगून होते ते उरले आणि वॉर्डावॉर्डात पसरले. मला बार्बरबाईंचं हे काम फ्लेमिंगच्या भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, पण स्लाईडवर त्या नसतात.

आपल्याकडचा मोठा किस्सा म्हणजे एनडीएम-१. २००८ साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये क्लेब्सिएला सापडला, तो माणूस आधी दिल्लीत हॉस्पिटलमध्ये राहून गेलेला, आणि त्या जंतूत मेरोपेनेमसकट सगळा कार्बापेनेम गट निकामी करणारं एक नवीन एन्झाइम होतं. त्याला नाव दिलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या जर्नलमध्ये मोठा लेख आला आणि आपल्याकडे संसदेपासून टीव्हीपर्यंत आरडाओरडा, की हे आपल्या मेडिकल टुरिझमच्या विरुद्ध कारस्थान आहे. नाव शहराचं द्यायला नको होतं हे मलाही पटतं. पण त्या आरडाओरड्यात एक गोष्ट दबली, की त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी आपल्याच भारतीय जर्नलमध्ये लिहिलं होतं की कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले आणि त्यात २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं. म्हणजे घरच्या माणसांनी सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही, बाहेरच्याने सांगितलं तेव्हा राग आला.

आणि २०११ मध्ये त्याच्यापुढचा धक्का. दिल्लीतल्या रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले गेले. डबक्यांमधल्या ५१ नमुन्यांमध्ये हे एन्झाइम बनवणारा जीन मिळाला, नळाच्या पाण्यातल्या दोनमध्येसुद्धा. नळाचं पाणी हो. म्हणजे गोळी न घेणाऱ्यालाही घोटाबरोबर घरपोच. हा जीन जंतूंच्या प्लास्मिडवर बसलेला असतो, आणि प्लास्मिड, जंतूतलं डीएनएचं सुटं वेटोळं, म्हणजे शेजारणीला लोणच्याची रेसिपी लिहून दिलेली चिठ्ठी, जी ई कोलायकडून क्लेब्सिएलाकडे, तिथून आणखी तिसऱ्याकडे जाते, जातपात बघत नाही. त्यामुळे औषध ज्याला दिलं तोच जंतू रेझिस्टंट होतो असंही राहत नाही. गटारात, आतड्यात, जिथे जिथे जंतूंची गर्दी आणि थोडंसं औषध एकत्र येतं तिथे ही देवाणघेवाण चालू असते.

आता तुम्ही म्हणाल की बाई, टीबीचं काय, तिथे तरी पेशंटनेच कोर्स सोडलेला असतो की. टीबीत पूर्ण औषध घ्यावंच लागतं, त्यात वाद नाही, कुणी हा लेख वाचून गोळ्या बंद करू नका. पण मुंबईचा टीबी नीट बघितला तर तिथेही मफलरवाला एकटा सापडत नाही. १९९१ मध्ये मुंबईत १०० खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं तर ८० वेगवेगळ्या पद्धतीची औषधयोजना निघाली. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजाच्याच डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ डॉक्टरांना तेच विचारलं, त्यात सगळ्या पॅथीचे होते, तर ६३ पद्धती निघाल्या आणि बरोबर लिहिलं फक्त सहा जणांनी. सहा! आता सांगा, उरलेल्या शंभर डॉक्टरांच्या पेशंटने कोर्स अगदी मनापासून, एकही दिवस न चुकवता पूर्ण केला असता तर काय झालं असतं? चुकीचा कोर्स पूर्ण झाला असता.

२०११ च्या शेवटी उदवाडियांनी असे चार पेशंट जगासमोर ठेवले की ज्यांचा टीबी त्यांनी तपासलेल्या कुठल्याही औषधाला दाद देत नव्हता. त्यांनी त्याला 'टोटली ड्रग रेझिस्टंट' म्हटलं आणि सरकारने ताबडतोब आक्षेप घेतला की हा शब्द मान्य नाही. शब्दावरून भांडायला आपल्याला वेळ भरपूर. पण त्याच पत्रात लिहिलं होतं की यातल्या तिघांना दीड वर्षात सरासरी चार-चार खाजगी डॉक्टरांकडून सेकंड लाईनची, म्हणजे नेहमीची चालेनाशी झाल्यावर द्यायची, औषधं मिळाली होती, एकेक करून वाढवलेली, बऱ्याचदा चुकीच्या डोसमध्ये. एमडीआर, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणाऱ्या, टीबीमध्ये एकेक औषध वाढवणं म्हणजे जंतूला एकेक करून सगळ्यांवर मात करायची संधी देणं. हे पेशंटला कसं कळणार? तो बिचारा या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे बरं वाटावं म्हणून हिंडतोय, घरचे दागिने विकतोय.

आणि त्या औषधांची किंमत फक्त पैशात नसते. कॅनामायसिनची इंजेक्शनं टीबीच्या रेझिस्टंट पेशंटना कित्येक वर्षं दिली गेली, त्याने कान जायचे. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींची ऐकण्याची शक्ती टीबीच्या उपचारात गेली. त्या दोघींनी काय केलं, तर २०१९ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसात विरोध नोंदवला. बेडाक्विलीन नावाची नवीन गोळी आली होती, कानाला धक्का न लावणारी, पण तिच्यावर जॉन्सन अँड जॉन्सनचं पेटंट होतं आणि कंपनीला ते आणखी काही वर्षं पुढे ढकलायचं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. आता भारतात बेडाक्विलीन धरून सहा महिन्यांची उपचारपद्धती सरकारी कार्यक्रमात आलीय, जिथे पूर्वी दीड-दोन वर्षं आणि त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शन असायचं. कोर्स पूर्ण करायचा असेल तर कोर्स पूर्ण होण्यासारखा पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती दोन बहिऱ्या झालेल्या पोरींनी कोर्टकचेरीसारखी लढून आणावी लागली.

मेडिकलवाल्यांबद्दलही थोडं बोलते, कारण तेही पोस्टरमधले सहआरोपी. कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी, लागू आहे, पाकिटावर लाल चौकट, केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. २०१६ मध्ये लाल रेघेची मोहीम आली, स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय नाही. किती जणांना माहितीय ती रेघ? घरातली एखादी स्ट्रिप काढून बघा.

पण काउंटरच्या अलीकडे उभं राहून बघितलं तर वेगळंच दिसतं. आमच्या लॅबच्या खाली मेडिकल आहे, संध्याकाळी एमआयडीसीची शिफ्ट सुटली की गर्दी होते. बिगारी काम करणारा माणूस येतो, अंगात ताप, उद्या सुट्टी घेतली तर हजेरी जाणार. डॉक्टरची फी दोनशे-तीनशे, त्याने लिहिलेली टेस्ट आणखी पाचशे, औषधं वेगळी. तो म्हणतो, दोन गोळ्या द्या, ताप उतरला पाहिजे. या माणसाला पोस्टर वाचायला सांगायचं? २०१९ च्या खाजगी विक्रीच्या आकड्यांवरून निघालं होतं की भारतात सगळ्यात जास्त खपणारं अँटिबायोटिक म्हणजे अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी. तीन दिवसांचा कोर्स, तीन गोळ्यांची स्ट्रिप, सुटसुटीत. त्यानंतर कोविडमध्ये तर ती व्हायरसवर चालत नसूनही घराघरात पोचली, आणि ती लोकांनी मनाने नव्हती घेतली, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या डॉक्टरांच्या सहीच्या यादीतच होती. पण त्याच आकडेवारीत हेही होतं की माणशी हिशोब काढला तर आपण बऱ्याच देशांपेक्षा कमीच अँटिबायोटिक खातो. मग रेझिस्टन्स आपल्याकडे जास्त का? २०१८ मध्ये पीटर कॉलिनॉन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांची आकडेवारी लावून बघितली, तर रेझिस्टन्सचा संबंध औषधाच्या खपापेक्षा पाणी, सांडपाणी, स्वच्छता आणि सरकारी कारभार याच्याशी जास्त दिसला. खाणं कमी, पण एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात जायचा रस्ता मोकळा.

आता आमचंही सांगते, लॅबवाल्यांचं, नाहीतर म्हणाल बाकी सगळ्यांना झोडपलं आणि स्वतःचं झाकलं. कल्चर, म्हणजे वर सांगितलेली जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला दोन-तीन दिवस आणि खाजगीत आठशे-हजार रुपये. त्यामुळे कल्चर पाठवतात कधी, तर दोन अँटिबायोटिक देऊन झाली, तिसरं सुरू आहे, ताप जात नाही तेव्हा. तोपर्यंत रक्तात इतकं औषध असतं की बाटलीत काही वाढतच नाही, आम्ही 'नो ग्रोथ' लिहून देतो, आणि डॉक्टर म्हणतात बघा, कल्चरचा काही उपयोग नसतो. उलट टायफॉईडची विडाल ही रक्ताची टेस्ट स्वस्त, लगेच होते, म्हणून ती धडाधड होते. स्लाईडवर जरा गुठळ्या दिसल्या की झाला टायफॉईड! आमच्या नातेवाईकांत असा एक माणूस नाही की ज्याला टायफॉईड झालेला नाही, काहींना तर दरवर्षी होतो, पावसाळ्यात ठरलेला. खरं तर एकदाच केलेली विडाल म्हणजे जवळजवळ अंदाजपंचे, आधी कधी इन्फेक्शन झालं असलं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पण त्या कागदावर सेफिक्झिम सुरू होतं, नाहीतर ओफ्लॉक्सासिन, आणि सगळे खूश, पेशंट, डॉक्टर, मेडिकलवाला, आणि हो, लॅबचा मालकसुद्धा.

टायफॉईडचा विषय निघालाच आहे तर एक चांगली गोष्ट सांगते, कारण ती आपल्या इथलीच आहे आणि कुणी सांगत नाही. २०१६ च्या शेवटी पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबाद शहरात एक टायफॉईड सुरू झाला, त्यावर नेहमीच्या पाच औषधगटांपैकी एकही चालेना. पोटात घ्यायची एकच गोळी उरली, तीच आपली अझिथ्रोमायसिन. त्याच्या प्लास्मिडचा माग काढला तर तो ई कोलायकडून आलेला निघाला, आणि शहरात पिण्याच्या पाण्यात गटार मिसळत होतं. म्हणजे मी वर सांगितलं तेच, जसंच्या तसं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉईडची नवीन कॉन्जुगेट लस लहान मुलांना द्यायची मोहीम काढली, नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंत, पहिल्या टप्प्यात लाखाच्या वर मुलं. सरकारी यंत्रणेने ही लस अशी मोहीम काढून देण्याची जगातली ही पहिली वेळ. लस दिलेल्या मुलांमध्ये कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड बराच कमी झाल्याचं नंतर दिसलं. टायफॉईड झाला नाही म्हणजे गोळी नाही, आणि गोळी नाही म्हणजे रेझिस्टन्सचा प्रश्नच नाही. वाशी-नेरूळच्या लोकांना तरी हे माहितीय का कोण जाणे. याचं कुणी पोस्टर काढत नाही.

बरं, मी राहते पिंपरीत आणि अँटिबायोटिकबद्दल बोलते म्हणजे एचए कंपनी आलीच. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ची, युनिसेफने मशिनरी दिली, डब्ल्यूएचओने तंत्रज्ञान आणि माणसं, आणि पुढच्याच वर्षी इथे पेनिसिलिन बनायला लागलं. देशातला हा पहिला सरकारी औषध कारखाना. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनलं, हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध तर इथेच शोधलं गेलं. जुन्या पिंपरीकरांना एचएच्या भोंग्यावर दिवस लावलेला आठवतो, एचएचं ग्राउंड, एचएची शाळा. बाहेरून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिनपुढे कंपनीची रया गेली, ते दुःख वेगळं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पण एचएचं नाव मला कारखान्याच्या गेटवर जितकं दिसतं तितकंच सांगोल्याला दिसायचं, माझ्या मामांच्या शेतावर. पंपाच्या खोलीत फळीवर सहा ग्रॅमच्या पुड्या असायच्या, स्ट्रेप्टोसायक्लिन, आमच्याच पिंपरीच्या. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. मी मायक्रोबायोलॉजी शिकायला लागल्यावर पहिल्यांदा त्या पुडीचं लेबल नीट वाचलं आणि चक्रावले, कारण स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे टीबीवरचं पहिलं औषध. १९४३ साली अल्बर्ट शात्झला अमेरिकेत मातीतल्या जंतूपासून सापडलं. ब्रिटनमध्ये त्याची ट्रायल झाली तेव्हा औषध दिलेल्या ५५ पेशंटपैकी सहा महिन्यांत फक्त चार गेले, औषध न दिलेल्या गटात ५२ पैकी १४. मोठा जल्लोष झाला. पाच वर्षांनी मोजलं तर ५५ मधले ३२ गेलेले आणि दुसऱ्या गटातले ३५, म्हणजे फारसा फरक नाही. एकटं औषध दिल्याने टीबीचा जंतू काही आठवड्यांत रेझिस्टंट होत होता. टीबीला एकाच वेळी तीन-चार औषधं का देतात त्याचं उत्तर या ५५ लोकांनी दिलंय. आणि तेच औषध मामा दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाबरोबर काठीने ढवळत होते.

डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी. सोलापूर, सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा, कुठल्याही डाळिंबवाल्याला तेल्या म्हणा, चेहरा बदलतो. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा तेलकट डाग, मग तो काळा पडतो, मग फळावर येतो आणि त्या डागावरून फळ इंग्रजी वायसारखं किंवा एलसारखं चिरतं. भगवा जातीचं टेनिसबॉलएवढं, लालबुंद झालेलं फळ, व्यापाऱ्याने बघून गेलेलं, आणि एका पावसात चिरलेलं. हा झँथोमोनास नावाच्या जंतूचा रोग, बुरशीचा नाही, म्हणून बुरशीनाशक पुरत नाही. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या शिफारशीतही स्ट्रेप्टोसायक्लिन होतं, लिटरला अर्धा ग्रॅम. म्हणजे मामा काही चोरून मारत नव्हते, छापील सल्ल्याप्रमाणे मारत होते.

डोळ्याने बघितलेलं सांगते. फवारणी मजुराने एचटीपी पंपाची गन धरली की बारीक धुकं झाडाच्या वरपर्यंत उडतं, पानावर बसतं तेवढं बसतं, बाकी गडी भिजतो, तोंडाला फक्त रुमाल, आणि बाकीचं खाली जमिनीवर, जिथे शेणखत टाकलंय, जिथे जंतूंची आधीच कोट्यवधींची वस्ती आहे. पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत परत. मी लॅबमध्ये मायक्रोग्रॅममध्ये औषध मोजते, आणि इथे बॅरल.

मी मामांना एकदा म्हटलं, मामा, हे माणसांचं औषध आहे, असं वापरू नका, मातीतले जंतू रेझिस्टंट होतील. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आगं, पटतंय की तुझं. पर चार एकराचा बाग हाय, सोसायटीचं कर्ज हाय, औषध बंद केलं तर तेल्याला काय मारू ते सांग. तुझ्याकडं हाय का दुसरी पुडी?" माझ्याकडे नव्हती. आणि अडाणी म्हणायचं तर यांना कुठल्या तोंडाने म्हणणार, ड्रिपचं वेळापत्रक, पाण्याचा टीडीएस, युरोपला पाठवायच्या फळावरचा कुठला अंश किती पीपीएम चालतो, सगळं तोंडपाठ आहे त्यांना.

२०२१ च्या डिसेंबरात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने शेतीतलं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, वापर २०२३ अखेर थांबवायचा असं त्यात होतं. मी मोठ्या उत्साहाने मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आम्ही तर आधीच सोडलं. मला वाटलं माझ्या बोलण्याचा परिणाम. तर म्हणाले, छे, लागूच पडंना, पैसे वाया. आता मामा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरत नाहीत, पावसाळ्यात तेल्या जास्त म्हणून पावसाळा संपतानाचा हस्त बहार धरतात, छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना डेटॉलच्या पाण्यात बुडवतात, रोगट फांद्या बागेबाहेर नेऊन जाळतात. तेल्या येतो, पण पूर्वीसारखा बाग घेऊन जात नाही. पाणी पुरलं तर. हस्त बहाराला उन्हाळ्यापर्यंत पाणी लागतं आणि सांगोल्यात पाणी म्हणजे टेंभू-म्हैसाळ या सिंचन योजनांच्या आवर्तनाची वाट बघणं, ते लांबलं की सगळं गणित परत मृगावर येतं.

दिवाळीत गेले होते तेव्हा पंपाच्या खोलीत फळीवर नवीन पुडी दिसली, पांढरी पावडर, दुकानदाराने दिलेली, वर फक्त कंपनीचं नाव आणि झाडाचं चित्र. यात काय आहे विचारलं तर मामा म्हणाले, दुकानदार सांगत नाही, पण चांगली लागू पडते म्हणे. मी एक पुडी घेऊन आलेय. आमच्या सरांची परवानगी मिळाली तर तिची एक चकती करून ई कोलायच्या प्लेटवर लावून बघणार आहे.